सगळं गाव म्हंजे किती?

उभ्या नांदेड जिल्ह्यात, आणि हवं तर शेजारचा लातूर जिल्हाही त्यात धरा, 'सगळे' हा शब्द जर कुणाला घाबरत असेल तर तो माझ्या बायकोच्या आत्याला. त्यांच्यासमोर तुम्ही सहज बोलून गेलात, की सगळे असं म्हणतात, तर आत्या चष्मा नाकावर जरा खाली ओढणार आणि विचारणार, "सगळे म्हंजे किती?" तुम्ही म्हणालात 'बरेच', तर पुढचा प्रश्न, "बरेच म्हंजे किती?" अशी उतरंड लागली की माणूस खाली खाली येत शेवटी एकावर येतो, आणि तो एक बहुधा तो स्वतःच असतो. सगळ्या तालुक्यात चर्चा आहे असं सांगत आलेला एक भला गृहस्थ, चहा संपायच्या आत, ही गोष्ट आपला साडू म्हणाला होता आणि तोही फोनवर, असं कबूल करून गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

मी नांदेडला ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. 'लोकशाही आणि लोकानुनय यांतील फरक स्पष्ट करा' हा माझा आवडता प्रश्न. पाच गुणांना येतो, आणि त्याचे सहा मुद्दे मी इतकी वर्षं मुलांना उतरवून देत आलो आहे, की ते मुद्दे मला झोपेतही सांगता येतील. पण खरं सांगायचं तर ते मी गाइडातून घेतले होते. तो फरक मला कळला तो आत्यांकडे, लोह्यापासून जीपनं पाऊण तासावर असलेल्या त्यांच्या गावी.

आत्या अंगानं काटकुळ्या, उंचीनं बेताच्या. पंचायत समितीत कारकून म्हणून नोकरी केली, आणि त्या नोकरीत उभं आयुष्य सभांची इतिवृत्तं लिहिली. गावातल्या बौद्ध वस्तीतल्या दहावीच्या पुढे शिकलेल्या त्या पहिल्या बाई. यजमान एसटीत ड्रायव्हर होते. अतिशय मितभाषी माणूस, पण घरच्या मतदानात त्यांचं मत कायम आत्यांच्या विरुद्ध. हो, घरच्या मतदानात. त्या घरात भाजी काय करायची हे मतानं ठरायचं. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा मला याची काहीच कल्पना नव्हती. आत्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं, "भरीत का पिठलं?" नव्या जावयाच्या नम्रपणानं मी म्हणालो, "सगळे खातील ते मीही खाईन." झालं. चष्मा खाली आला. "सगळे म्हंजे कोण, जावाईबापू? तुम्ही तर अजून तोंडच उघडलं न्हाई. मग सगळे कसे झाले?" मी घाबरून भरीत म्हणालो. भरीत चार विरुद्ध एक असं जिंकलं. विरोधातलं एक मत अर्थातच यजमानांचं होतं, कारण वांग्यानं त्यांचं पोट बिघडायचं. पानं वाढली तेव्हा त्यांच्या ताटात भरीत नव्हतं. एका वाटीत पिठलं होतं, फक्त त्यांच्यापुरतं, वर लसणाची फोडणी घातलेलं. मी जरा आश्चर्यानं पाहिलं, तशा आत्या म्हणाल्या, "बहुमत जितलं म्हणून हरलेल्यानं उपाशी बसायचं का?" मी घास घेतला आणि मला जाणवलं, की माझ्या सहा मुद्द्यांत हा मुद्दा नाही.

त्यांच्यासोबत प्रवास करणं हे धाडसाचं काम. एकदा लोह्याहून नांदेडला येताना जीपवाल्यानं भर रस्त्यात दोन माणसांसाठी गाडी थांबवली आणि मागं वळून म्हणाला, "सरका जरा, सगळ्यांना चालतंय." आत्या म्हणाल्या, "कुणाला चालतंय? इचारलं का?" आणि त्यांनी जीपमध्ये मतं घ्यायला सुरुवात केली. एकेकाकडे बोट करून, नावासकट. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण मला त्या दिवशी पेपर तपासायला पोचायचं होतं. आतली मतं घेऊन झाल्यावर आत्यांनी बाहेर उन्हात उभ्या असलेल्या त्या दोघांनाही विचारलं. जीपवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "आता त्यांना कामून इचारता मावशी? त्यांना तर बसायचंच हाय!" आत्या म्हणाल्या, "ज्यांचं ठरून राहिलंय त्यांनाच इचारायचं न्हाई, हे कसलं ठरवणं?" त्या दोन मतांवर आत्यांचा पक्ष हरला. दोघं आत बसले आणि त्यातल्या एकाची कोंबडी ठेवायला जागा नसल्यानं ती नांदेडपर्यंत आत्यांच्या मांडीवर आली. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजीची रेषसुद्धा नव्हती. हरण्याची इतकी शांत सवय असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

हे सगळं मी घरी हसत हसत सांगायचो. कॉलेजात तर आत्यांच्या गोष्टींवर माझी बरीच वट होती. पण गावात नवा सरपंच आला आणि गोष्ट हसण्यासारखी राहिली नाही.

सारं गाव त्याला 'भाऊ' म्हणायचं. थेट जनतेतून निवडून आलेला, पस्तिशीचा, देखणा, बोलण्यात गोड. मयतीला सगळ्यांच्या आधी हजर, लग्नात पंगतीत वाढायला पुढं. कुणाच्या म्हशीला बरं नसलं तरी डॉक्टर घेऊन यायचा. गावाच्या कमानीवर त्याचा हात जोडलेला फोटो आणि खाली ओळ: 'गाव म्हणजे भाऊ, भाऊ म्हणजे गाव'. लोक त्याच्यावर खरंच जीव टाकत होते आणि तोही लोकांवर. यात काही नाटक होतं असं मला आजही वाटत नाही. आत्यांनीसुद्धा, मत कुणाला दिलं हे अर्थातच न सांगता, एकदा कबूल केलं होतं, "पोरगं वाईट न्हाई. फक्त त्याला टाळ्या मोजता येत न्हाईत."

त्या वर्षी गावातल्या एका शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार चोरीला गेली. गावाबाहेर गायरानात भटक्या समाजाची नऊ घरं होती. सुया, पिना, गळ्यातले मणी विकणारी माणसं, पाल टाकत टाकत शेवटी तिथं स्थिरावलेली. संशय कुणी बोलून दाखवायच्या आधीच त्यांच्यावर जाऊन बसला. ग्रामसभा ठरली. मी सुट्टीत तिथंच होतो, म्हणून आत्यांबरोबर गेलो. ग्रामपंचायतीसमोरच्या मांडवात एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. भाऊ उभा राहिला आणि माइक हातात घेऊन म्हणाला, "मी माझ्या मनचं काहीच बोलणार न्हाई. गाव बोललं ते मी करणार. गायरानातली घरं आठ दिवसांत उठली पाहिजेत, हे सगळ्या गावाचं म्हणणं हाय का न्हाई?" मांडव दणाणला. टाळ्या, शिट्ट्या, घोषणा. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, एक टाळी माझ्याही हातून वाजली.

तेवढ्यात शेजारची खुर्ची रिकामी झाली. आत्या उभ्या होत्या. गोंधळ शमेपर्यंत त्या नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "सरपंच साहेब, सगळं गाव म्हंजे किती?"

घरी त्या त्याला 'तू' म्हणायच्या, सभेत मात्र साहेब. हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, कान न्हाईत का? ऐकून राहिलाव ना आवाज!" आत्या म्हणाल्या, "आवाज ऐकला. मला माणसं मोजायचीत." मग त्या ग्रामसेवकाकडे वळल्या. "मतदार यादी काढा. गायरानातली माणसं यादीत हायत का?" ग्रामसेवकानं पानं चाळली आणि खालच्या आवाजात सांगितलं, की एकोणीस नावं आहेत. "म्हंजे ते बी गाव. त्यांना सभेची दवंडी पोचली का?" पोचली नव्हती. "मग बोलवा त्यांना. त्यांच्याबिगर ठराव करायचा असंल तर माझी तकरार इतिवृत्तात लिहा, आणि ठराव कसा झाला ते बी लिहा. टाळ्यांनी झाला म्हणून लिहा."

मांडवात जे आवाज उठले ते मला इथं लिहवत नाहीत. कुणी त्यांच्या वस्तीचा उल्लेख केला, कुणी बाईमाणसानं घरी बसावं म्हणालं. मी त्यांचा पदर हळूच ओढला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बसल्या नाहीत, एवढंच. त्या वयात माणूस किती वेळ उभं राहू शकतं? आत्या पाऊण तास राहिल्या. शेवटी भाऊलाच अवघडल्यासारखं झालं आणि त्यानं गायरानात निरोप धाडला.

दहाबारा माणसं आली आणि मांडवाबाहेर उन्हातच थांबली. आत्यांनी त्यांना हातानं आत बोलावलं. त्यांच्यातला एक म्हातारा पुढं झाला. त्यानं आयुष्यात कधी माइक धरला नसावा. तो माइक त्यानं दोन्ही हातांनी, तान्ह्या लेकराला धरावं तसा धरला. "आमी त्या वक्ताला माळेगावच्या जत्रंला व्हतो," तो म्हणाला. "समदे. लेकरंबाळं, गाढवं, समदे. मोटार कुणी नेली आमाला ठावं न्हाई. पर हितं माझी दोन नातवंडं साळंत जातेत, साहेब. उठवलं तर साळा तुटल." एवढंच. मग त्यानं माइक काळजीपूर्वक टेबलावर ठेवला आणि तो तिथंच खाली बसला.

त्यानंतर मतं मोजली. आत्यांचा आग्रह असा, की हात वर केला की मोजून होईपर्यंत खाली घ्यायचा नाही. मघाशी टाळ्या वाजवणं सोपं होतं. आता एकेकाला हात वर ठेवून बसायचं होतं, आणि समोर तो म्हातारा बसला होता. वर गेलेले हात मोजता मोजता खाली यायला लागले. काहींनी डोकं खाजवायचं निमित्त केलं. ठराव बारगळला. चोरीची रीतसर तक्रार पोलिसांत द्यायची असं ठरलं आणि सभा संपली. मोटार कुणी नेली हे गावाला आजही ठाऊक नाही.

परत येताना मी विचारलं, "आत्या, तुम्हाला भीती नाही वाटली?" त्या म्हणाल्या, "माझ्या लहानपणी पारावर गाव बसायचं. आमचे अण्णा दूर लिंबाखाली उभे राहायचे. जवळ जायची मुभा नव्हती. मग तिथून एक जण यायचा आणि सांगायचा, सगळ्या गावाचं असं असं ठरलं. अण्णा घरी येऊन आईला तेच सांगायचे, सगळ्या गावाचं ठरलं म्हणून. मी इचारायची, अण्णा, मग आपण कुठले?" इतकी वर्षं ज्या प्रश्नावर मी कॉलेजात हशा मिळवत होतो तो प्रश्न कुठून आला होता, हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

पुढचे काही महिने गावानं आत्यांना जणू वाळीतच टाकलं. कुणाच्या बारशाचं बोलावणं नाही, दळणाला गेलं तर गिरणीवाला म्हणायचा की पट्टा तुटलाय. भाऊ मात्र एकदा स्वतः घरी आला. पाया पडला, चहा प्याला आणि अगदी मनापासून दुखावल्यासारखा म्हणाला, "मावशी, लोक माझ्यावर एवढा जीव लावतात. मी लोकांसाठी रात्रंदिवस एक करून राहिलो. मग तुम्हीच कामून माझ्या आड येता?"

आत्या म्हणाल्या, "लोक जीव लावतात हे मला बी दिसतंय रे. पण जे तुला हो म्हणतात तेवढेच तुला लोक वाटतात. जो न्हाई म्हणतो तो तुझ्या लेखी गावातलाच न्हाई. उद्या हो म्हणणारे फिरले तर तू बी गावाबाहेर जाशील, बाबा."

भाऊ हसला. त्यांच्यासोबत मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि गेला.

दीड-दोन वर्षांनी ते फिरले. गायरानाची जमीन भाऊनं खडी क्रशरवाल्याला सही करून दिली, अशी बातमी एका सकाळी गावभर झाली. मी त्या दिवशी योगायोगानंच तिथं होतो. पेन्शनच्या कागदांसाठी आत्यांनी बोलावलं होतं. चौकात आरडाओरडा ऐकू आला म्हणून आम्ही गेलो, तर कमानीवरचा हात जोडलेला फोटो खाली फाटून पडला होता आणि तीच माणसं, अगदी तीच, ग्रामपंचायतीच्या दाराला धडका देत होती. भाऊ आत होता. कुणीतरी चपलांचा हार करून आणला होता. एकाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा मी स्वतः पाहिला. "सगळ्या गावाचं म्हणणं हाय," तो ओरडत होता, "ओढा त्याला भाईर!"

मी आत्यांचा हात धरला. या वेळी घट्ट. त्यांनी तो दुसऱ्या हातानं सोडवला, एकेक बोट करून, आणि गर्दीतून वाट काढत दाराशी गेल्या. तीन पायऱ्या चढल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. एवढीशी बाई. त्या काय म्हणाल्या ते मला लांबून ऐकू आलं नाही, पण पुढची माणसं थबकलेली दिसली. मग आत्यांचा आवाज चढला. "सही केली असंल तर काढा त्याला! कायदा हाय, तहसीलदाराकडं जा, अविश्वास आणा, मतदान घ्या. पण आधी त्याला बोलू द्या. त्या म्हाताऱ्याला बोलू दिलं तसं त्याला बी बोलू द्या!"

"तुमाला तर त्याच्यापायीच वाळीत टाकलं व्हतं मावशी!" कुणीतरी ओरडलं.

"व्हय," आत्या म्हणाल्या. "म्हणून तर मला ठावं हाय कसं लागतं ते."

दांडा हातात असलेला माणूस सगळ्यात पुढं होता. तो आत्यांकडे बघत राहिला, आत्या त्याच्याकडे. शेवटी त्याचा दांडा खाली आला. मग त्या बाजूला सरल्या, दारावर थाप मारली आणि म्हणाल्या, "सरपंच साहेब, या. मी हाय."

भाऊ बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. माइक नव्हता. त्यानं सांगितलं, की सही त्याचीच आहे. जमीन मोजणीचा अर्ज आहे असं समजून, न वाचता केली. क्रशरवाला त्याचं कौतुक करत होता आणि त्याला ते ऐकायला गोड वाटत होतं. हे सांगताना तो रडला. लोकांचा राग गेला नाही, आणि जायचं कारणही नव्हतं. पण हाताची मूठ उघडली, एवढं खरं. पुढं सदस्यांनी रीतसर अविश्वास आणला, तहसीलचे अधिकारी आले, ग्रामसभेत गुप्त मतदान झालं. रांगेत गायरानातली माणसंही होती. तो म्हातारा चिठ्ठी टाकून आला आणि आत्यांकडे बघून नुसता हसला. भाऊचं सरपंचपद थोड्या मतांनी गेलं. पण तो आपल्या पायांनी घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीवर आला. जमिनीचा तो कागद पुढं रद्द झाला.

मी आत्यांना खोदून खोदून विचारलं, तुम्ही मत कुठल्या बाजूनं दिलंत? त्या इतक्या रागावल्या, की दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "गुप्त म्हंजे गुप्त," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मी वर्गात तो प्रश्न शिकवतो तेव्हा वही मिटून ठेवतो. त्या तीन पायऱ्यांवरची ती एवढीशी बाई माझ्या डोळ्यांसमोर येते आणि माझा आवाज आपोआप खाली जातो. मुलांना वाटतं, सरांचा घसा बसलाय.

यजमान गेल्यावर मुलानं त्यांना लातूरला नेलं. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली पार्किंग, समोर कोचिंग क्लासच्या मुलांची गर्दी. आता त्यांना ऐकू येत नाही. कानातलं मशीन शिट्टी वाजवतं म्हणून ते काढून ठेवलेलं असतं. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा सोसायटीची बैठक होती. आत्या पार्किंगमध्ये पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. एक भाडेकरू पाण्याच्या वेळेबद्दल काहीतरी सांगत होता. त्याचं बोलणं लांबत चाललं होतं, लोक आपापल्या मोबाइलमध्ये होते. आत्या तेवढ्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. अध्यक्ष त्यांच्याजवळ वाकून, हातवारे करत, मोठ्यानं म्हणाले, "आजी, तुम्हाला तर काहीच ऐकू येत नाही. वर जाऊन आराम करा ना."

आत्यांना ओठांवरून समजलं असावं. त्या म्हणाल्या, "मला न्हाई येत ओ ऐकू. पण त्याला तर बोलायचंय."

बैठक संपल्यावर मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसलो आणि बराच वेळ बोललो. कॉलेजचं, घरचं, गावाचं, आणि आजवर कधी त्यांना सांगितलं नव्हतं तेही. त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचलं नसेल. पण माझं बोलून होईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.